बैठकीच्या रेकॉर्डिंगसाठी बाहेरची डिस्क: यूएसबी, थंडरबोल्ट की फायरवायर?

जवारी (सोमवार, रात्री ११.५०)

मंडळी, थोडं सविस्तर लिहिते. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

मी गेली सहा वर्षं पुण्यातल्या घरगुती बैठकींचं रेकॉर्डिंग करते. सदाशिव पेठेतले दिवाणखाने, कोथरूडच्या गच्च्या, एकदोन देवळांचे सभामंडप. आधी दोन माइक आणि छोटा रेकॉर्डर एवढ्यावर भागायचं. गेल्या वर्षी १६ चॅनलचा डिजिटल मिक्सर घेतला, तो यूएसबीने लॅपटॉपला लागतो. गाणाऱ्यांचा माइक, तबला आणि डग्गा वेगळे, दोन तानपुरे, पेटी, श्रोत्यांच्या बाजूला दोन माइक. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. लॅपटॉप विंडोजचा, आतली डिस्क २५६ जीबीची आणि कायम भरलेली, म्हणून थेट बाहेरच्या १ टीबी डिस्कवर लिहिते. पोर्टेबल आहे, आत फिरती तबकडी, ५४०० आरपीएम.

काल ७८ वर्षांच्या एका बाईंची बैठक होती. यमनचा बडा ख्याल चालला होता. कानात हेडफोन, आवाज व्यवस्थित येत होता. सहज स्क्रीनकडे पाहिलं तर ट्रॅकवरच्या लाल पट्ट्या पुढे सरकायच्या थांबलेल्या. 'फाइल लिहिता येत नाही' अशी सूचना. पुन्हा सुरू करेपर्यंत ४० सेकंद गेले. त्याच ४० सेकंदांत त्या तार षड्जावर पोचल्या, थांबल्या आणि तिथून तीव्र मध्यमावर अशा उतरल्या की समोर बसलेल्यांचा सुटलेला श्वास मला हेडफोन काढल्यावर ऐकू आला. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. त्यांनी अजून विचारलेलं नाही, पण विचारतील तेव्हा काय सांगू?

दुकानदार म्हणतो, यूएसबी ऑडिओसाठी नाहीच, थंडरबोल्टची (यूएसबीहून वेगवान जोडणीची) डिस्क घ्या. जुने लेख म्हणतात फायरवायर, म्हणजे डिस्क जोडायची एक जुनी पद्धत. लॅपटॉपला दोन चौकोनी यूएसबी आहेत (एक निळं, एक काळं) आणि एक टाइप-सी. शिवाय घरी मिक्सिंग करताना ४० ट्रॅक झाले की मधूनच टिक्-टिक् असा आवाज येतो, तोही याच डिस्कवरून. बजेट दहा-बारा हजार. काय घेऊ?

रीळ_ते_वेव्ह (मंगळवार, सकाळी ६.३०)

जवारीताई, वाचून पोटात तुटलं. माझं वय झालंय, रिळावर काम केलेला माणूस आहे. टेप मध्येच संपल्यावर काय वाटतं ते पुरतं माहीत आहे.

फायरवायरचं सांगतो, कारण तो सल्ला एके काळी खराच होता. १९९५ साली आयईईई १३९४ या नावाने ते मानक आलं, वेग सेकंदाला ४०० मेगाबिट. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा वेग कागदावर ४८०, म्हणजे जास्त. पण प्रत्यक्षात मोठी फाइल सलग वाचताना फायरवायर पुढे जायचं. यूएसबीमध्ये दर वेळी संगणकाने डिस्कला विचारायचं आणि डिस्कने उत्तर द्यायचं. फायरवायरचा कंट्रोलर बरंचसं काम स्वतःच उरकून डेटा थेट मेमरीत टाकायचा. तेव्हाचे प्रोसेसर बिचारे एकाच गाभ्याचे, त्यांना हा फरक जाणवायचा. शिवाय एका डिस्कला दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळ लावता यायची. माझी २००४ ते २०१० ची सगळी कामं अशा माळेवर झाली.

आज मात्र नवीन लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. त्यासाठी पैसे घालू नका. माझ्याकडेच एक फायरवायर ४०० ची डिस्क पडून आहे, आत तीन बैठका आहेत आणि लावायला जागा नाही. तिचं काय करायचं ते या धाग्यात कुणी सांगितलं तर उपकार होतील.

पडद्यामागे (मंगळवार, सकाळी ९.१५)

मी नाटकांचा साउंड बघतो. खरेदीआधी एक हिशोब.

२४ बिट म्हणजे ३ बाइट. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने. एका चॅनलला १,४४,००० बाइट. सोळा चॅनलना २३,०४,०००, म्हणजे सेकंदाला सुमारे २.३ एमबी. तासाला साधारण ८.३ जीबी.

यूएसबी २.० सारखं जुनं कनेक्शनसुद्धा प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी सहज देतं. तुमची फिरती डिस्क सलग लिहिताना १०० च्या आसपास. अगदी ९६ किलोहर्ट्झला ६४ चॅनल घेतले तरी १८.४ एमबी होतात. कनेक्शनच्या वेगामुळे तुमचं रेकॉर्डिंग थांबलं हे मला पटत नाही. चाळीस गिगाबिटचं थंडरबोल्ट लावलं असतं तरी ते तसंच थांबलं असतं अशी मला शंका आहे. कारण दुसरं काहीतरी आहे.

कसब्यातला (मंगळवार, सकाळी १०.०५)

ताई, दोनच प्रश्न. रेकॉर्डिंग सुरू केल्यापासून नक्की कितव्या मिनिटाला थांबलं? अंदाज नको, थांबलेल्या फाइलची लांबी बघून सांगा. आणि डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'फाइल सिस्टिम' (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) समोर काय लिहिलंय?

जवारी (मंगळवार, दुपारी १.२०)

लांबी ३१ मिनिटं ४ सेकंद. फाइल सिस्टिम: फॅट३२.

ही डिस्क टीव्हीला लावून लग्नाचे व्हिडिओ बघता यावेत म्हणून भाच्याने त्याच्या मॅकवरून फॉरमॅट करून दिली होती. पण गेलं वर्षभर याच डिस्कवर दोन-दोन तासांच्या बैठका घेतल्या आहेत, काही झालं नाही.

कसब्यातला (मंगळवार, दुपारी १.४५)

या वेळी रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये काही बदललं होतं का? आधी प्रत्येक चॅनलची वेगळी फाइल आणि आता सगळ्यांची मिळून एक?

जवारी (मंगळवार, दुपारी १.५२)

हो! फाइली सांभाळायला सोपं जाईल म्हणून या वेळी पहिल्यांदाच सोळाही चॅनल एकाच वेव्ह फाइलमध्ये घेतले. तुम्हाला कसं कळलं?

कसब्यातला (मंगळवार, दुपारी २.१०)

३१ मिनिटं ४ सेकंदांवरून.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. अचूक आकडा ४,२९,४९,६७,२९६ बाइट, त्याला एक कमी. वर पडद्यामागे यांनी काढलेल्या २३,०४,००० ने भागा. १,८६४ सेकंद येतात. म्हणजे ३१ मिनिटं ४ सेकंद.

आधी प्रत्येक चॅनलची फाइल वेगळी होती. एका चॅनलला तासाला ५१८ एमबी, तेव्हा त्या फाइलला ४ जीबीचा काठ गाठायला आठ तासांहून जास्त लागले असते. म्हणून वर्षभर निभावलं. डिस्क ठीक आहे, केबलने किंवा यूएसबीने दगा दिला असंही नाही. त्या डिस्कवर ती फाइल मावणं बंद झालं, एवढंच.

एक जोडून सांगतो. साध्या वेव्ह फाइललाही स्वतःची ४ जीबीची मर्यादा आहे, कारण तिच्या मथळ्यात लांबी लिहायला ३२ बिटच ठेवलेत. त्यापुढे जायला आरएफ६४ किंवा डब्ल्यू६४ हे प्रकार आहेत. डिस्क बदललीत तरी सॉफ्टवेअरमध्ये हे बघून घ्या. नाहीतर चॅनलच्या वेगळ्या फाइलीच ठेवा, तेच सुरक्षित.

जवारी (मंगळवार, दुपारी २.३०)

कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहिलं. १,८६४ च आले. दोन दिवस मी मिक्सरवर, लॅपटॉपवर, त्या घरातल्या वायरिंगवर संशय घेत होते.

मग टिक्-टिक् कशामुळे? त्या प्रोजेक्टमध्ये फाइली लहान आणि वेगळ्या आहेत.

पडद्यामागे (मंगळवार, दुपारी ३.००)

आता कनेक्शनकडे वळू. कुठलीही दोन-तीन जीबीची फाइल लॅपटॉपवरून डिस्कवर कॉपी करा, पडद्यावर वेग दिसेल तो सांगा. आणि केबल कुठली लावता? डिस्कसोबत आलेलीच का?

जवारी (मंगळवार, संध्याकाळी ७.४०)

वेग ३६ एमबी. निळ्या पोर्टला लावूनसुद्धा.

सोबतची केबल वीतभरच होती, मिक्सरच्या टेबलापासून लॅपटॉपपर्यंत पुरायची नाही. म्हणून दीड मीटरची, फोनच्या चार्जरबरोबर आलेली लावते. डिस्कला टाइप-सी आहे, त्यात ती नीट बसते.

पडद्यामागे (मंगळवार, रात्री ८.०५)

सापडलं. ३६ म्हणजे तुमची डिस्क यूएसबी २.० वर चालली आहे.

चार्जिंगच्या केबलचं चौकोनी टोक उजेडात धरून आत बघा. चार पितळी पट्ट्या दिसतील, आतली पट्टी पांढरी किंवा काळी. आता मूळ वीतभर केबलचं टोक बघा. आत प्लास्टिक निळं असेल आणि त्या चारांच्या मागे, थोड्या खोल, आणखी पाच लहान संपर्क दिसतील. यूएसबी ३ चा सगळा वेग त्या मागच्या पाचांतून जातो. चार्जरच्या केबलमध्ये त्या तारा घातलेल्याच नसतात. टाइप-सीच्या तोंडावरून हे कळत नाही, दोन्ही टोकं सारखीच दिसतात.

तुमच्या कामात याचा आणखी एक परिणाम होतो. यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये जुन्या वेगाच्या तारा वेगळ्या आणि नव्या वेगाच्या वेगळ्या. तुमचा मिक्सर बहुधा यूएसबी २.० चाच असणार, बहुतेक ऑडिओ इंटरफेस तसेच असतात आणि त्यांना तेवढं पुरतं. डिस्क खरी यूएसबी ३ वर चालली तर मिक्सर त्याच्या वाटेने जातो, डिस्क तिच्या. डिस्क २.० वर घसरली की दोघं एकाच वाटेवर येतात. मिक्सरच्या आवाजासाठी जागा राखीव असते, डिस्कला उरलेल्यात भागवावं लागतं. म्हणून दोघांना एकाच हबवर (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) कधीच लावू नका. मिक्सर थेट काळ्या पोर्टला, डिस्क थेट निळ्या किंवा टाइप-सीला.

जवारी (बुधवार, सकाळी ८.३०)

पाचही संपर्क दिसले. मोबाइलच्या टॉर्चने बघावं लागलं, पण दिसले. मूळ केबलने वेग ११८ झाला. टिक्-टिक् कमी झालं, गेलं मात्र नाही. ४० ट्रॅकच्या प्रोजेक्टमध्ये मधूनच एखादी येतेच.

पडद्यामागे (बुधवार, सकाळी ९.००)

उरलेली तबकडीमुळे. ५४०० आरपीएम म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्याआधी हात त्या जागी सरकायला दहाच्या वर मिलिसेकंद. चाळीस ट्रॅक म्हणजे चाळीस फाइली, चाळीस ठिकाणी. एकदा सगळ्यांना शिवून यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त. जुन्या वाड्यात चाळीस बिऱ्हाडं असावीत आणि पोस्टमन एकच, तशी गत. रेकॉर्डिंग करताना हे फारसं जाणवत नाही, कारण सॉफ्टवेअर मोठे तुकडे जमवून लिहितं. मिक्सिंगला जाणवतं. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरायला काहीच नसल्याने तो वेळ मिलिसेकंदाच्या दशांशावर येतो. कनेक्शन तेच ठेवून आतली वस्तू बदला.

सतारीचे_बोल (बुधवार, सकाळी ११.३०)

थंडरबोल्टची बाजू कुणीतरी मांडायला हवी. मी जाहिरातींसाठी संगीत करतो आणि माझ्याकडे थंडरबोल्टच आहे.

माझ्या एका प्रोजेक्टमध्ये वाद्यवृंदाच्या सॅम्पल लायब्ररी चालतात. एकेका व्हायोलिनचे हजारो तुकडे, स्वर दाबला की त्याच क्षणी डिस्कवरून यायला हवेत. शेकडो स्वर एकदम. तिथे एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी आणि थंडरबोल्टने मला रोज फायदा होतो. त्याच एका पोर्टवरून डिस्क, मॉनिटर, इंटरफेस सगळं चालतं. पैसे वाया गेले असं मला एक दिवसही वाटलेलं नाही.

पण जवारीताई, तुमच्या कामात लायब्ररी नाहीत. आणि मुळात तुमच्या टाइप-सीला थंडरबोल्ट आहे का? २०१५ च्या थंडरबोल्ट ३ पासून दोघांचं तोंड एकच झालं, त्यामुळे घोळ होतो. पोर्टच्या शेजारी विजेचं चिन्ह आहे की नाही ते बघा. नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती उघडून बघा. केवळ थंडरबोल्टवर चालणारी डिस्क साध्या टाइप-सीला लावली तर लॅपटॉपला ती दिसतसुद्धा नाही. दुकानदाराने पोर्ट न विचारता ती सुचवली असेल तर त्याचं ऐकू नका.

जवारी (बुधवार, दुपारी १२.१०)

विजेचं चिन्ह नाही. यूएसबीचा त्रिशूळ, 'एसएस' आणि त्याच्या बाजूला १०. मॉडेलच्या माहितीतही थंडरबोल्टचा उल्लेख नाही.

सतारीचे_बोल (बुधवार, दुपारी १२.२५)

म्हणजे १० गिगाबिटचं यूएसबी. उत्तम आहे. १० गिगाबिटचीच एसएसडी घ्या. बॉक्सवर २० लिहिलेली महाग डिस्क घेऊ नका, तुमच्या पोर्टला ती १० वरच चालेल.

नावांनी गोंधळू नका. २००८ साली आलेलं यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं. वस्तू तीच, ५ गिगाबिट. खोक्यावर फक्त गिगाबिटचा आकडा शोधा.

कसब्यातला (बुधवार, रात्री ९.४०)

विजेबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

स्वतःचा अडॅप्टर लागणारी मोठी, ३.५ इंची डिस्क बैठकीला नेऊ नका. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क बंद पडते, तीही लिहिता लिहिता. आमच्याकडे कसब्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते आणि मी एकदा असाच अडकलो आहे. शिवाय जुन्या वाड्यांत अर्थिंगचा भरवसा नसतो, एक अडॅप्टर वाढला की घूं आवाज यायला एक वाट वाढली. केबलमधूनच वीज घेणारी एसएसडी हवी. यूएसबी ३ चं पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतं, जुनं ५००.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा आणि हार्ड डिस्क बंद व्हायची वेळ 'नेव्हर' ठेवा.

आणि २.४ गिगाहर्ट्झचे वायरलेस माइक वापरत असाल तर त्यांचा रिसीव्हर डिस्कपासून हातभर लांब. यूएसबी ३ च्या केबलमधून नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. माइकचा आवाज तुटतो आणि आपण बॅटऱ्या बदलत बसतो.

नवी डिस्क फॉरमॅट करताना फाइल सिस्टिम एनटीएफएस (विंडोजची नेहमीची) निवडा. मॅकवाल्यांना द्यायची असेल तरच एक्सफॅट. त्यावर मोठ्या फाइली मावतात, पण लिहिताना केबल निघाली तर एनटीएफएससारखी ती स्वतःला सावरत नाही.

पडद्यामागे (बुधवार, रात्री १०.००)

यात एकच भर. दोन ठिकाणी लिहा. मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, त्यात ट्रॅकच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये दोन्ही पाथवर एकाच वेळी लिहायची सोय आहे. आतल्या डिस्कवर २० जीबी मोकळी केलीत तर दोन तासांची बैठक तिथेही मावते. नाटकाचा प्रयोग पुन्हा होतो. बैठक होत नाही.

आणि ताई, त्या ४० सेकंदांसाठी श्रोत्यांना विचारा. हल्ली प्रत्येक बैठकीत कुणीतरी मोबाइल वर धरलेला असतोच.

रीळ_ते_वेव्ह (गुरुवार, सकाळी ६.४५)

माझ्या डिस्कबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून पुन्हा विचारतो.

कसब्यातला (गुरुवार, सकाळी ७.३०)

माफ करा काका, राहूनच गेलं. फायरवायर पोर्टच्या मागे धावू नका. डबा उघडा, आत साधी डिस्क असते. चपटी रुंद पट्टी लागायची जागा आणि शेजारी चार जाड पिना असतील तर ती आयडीई, अरुंद एल आकाराची खाच असेल तर साटा. दोन्ही यूएसबीला जोडायचे कनेक्टर मिळतात, मी माझा तपकीर गल्लीतून आणला होता. डिस्क मॅकवर फॉरमॅट केली असेल तर मॅकलाच लावा, विंडोज 'फॉरमॅट करू का' विचारेल तेव्हा चुकूनही हो म्हणू नका. आणि इतकी वर्षं पडून असलेली डिस्क किती वेळ फिरेल ते सांगता येत नाही, तेव्हा लावल्या लावल्या आधी कॉपी, ऐकायचं नंतर.

कनेक्टर माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी भरत नाट्य मंदिराशी भेटू शकतो.

जवारी (पुढचा सोमवार, रात्री १०.२०)

१ टीबीची, १० गिगाबिटची एसएसडी घेतली, बजेटमध्ये बसली. केबल सोबतचीच. लॅपटॉप मिक्सरच्या शेजारी आणला, म्हणजे ती पुरते. एनटीएफएस, चॅनलच्या वेगळ्या फाइली, दुसरी प्रत आतल्या डिस्कवर.

शनिवारी घरी तीन तास सोळाही चॅनल नुसते चालू ठेवले. काल एरंडवण्यात बैठक होती, १ तास ५२ मिनिटं, एक नमुनाही तुटला नाही. ४० ट्रॅकचं जुनं प्रोजेक्ट नव्या डिस्कवर नेलं, टिक् नाही. तबकडीची डिस्क आता फक्त बॅकअपला, तीही फॉरमॅट बदलून.

आणि पडद्यामागे, तुमच्या सांगण्यावरून ग्रुपवर विचारलं. तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी नातवाला दाखवायला ७० सेकंदांचा व्हिडिओ घेतला होता. पंख्याचा आवाज आहे, डग्गा जवळजवळ नाही, पण तार षड्ज आहे, थांबणं आहे आणि तो उतारही आहे. तबल्याच्या ठेक्यावर दोन्ही टोकं जुळवली. सांधा ऐकू येतो. बाईंना काय घडलं ते सगळं सांगून तसंच ऐकवलं. त्यांनी तेवढा तुकडा तीनदा ऐकला आणि मूळ फाइल मागितली.

रीळ_ते_वेव्ह (मंगळवार, सकाळी ६.२५)

जवारीताई, फार बरं वाटलं.

माझी डिस्क आयडीई निघाली. पहिल्या दोन बैठका कॉपी झाल्या, तिसरीच्या वेळी टक् टक् आवाज यायला लागला म्हणून लगेच बंद केली. कसब्यातला म्हणतोय आता घरी पुन्हा पुन्हा लावून बघायची नाही, डेटा काढून देणाऱ्यांकडेच न्यायची. पुण्यात कुणाला अशा कामाचा स्वतःचा चांगला अनुभव असेल तर कृपया इथे लिहा.